तळ्यात मळ्यात : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला. शनिवारी येऊरला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. मग चार वर्षं नुसतं बोलत होतो ते स्वतःचा गेम करायचं काम हातात घेतलं. फोल्डर तयार केलं, नाव दिलं ‘तळ्यात मळ्यात’.

खूळ जुनं आहे. २००९ साली निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावर ‘माइट अँड मॅजिक: क्लॅश ऑफ हिरोज’ नावाचा गेम आला. टोरांटोच्या कॅपीबारा गेम्सनी केलेला, युबीसॉफ्टनं बाजारात आणलेला. कॉलेजात मित्राच्या डीएसवर तो खेळलो आणि एका सेमिस्टरचं वाटोळं केलं. रत्नं जुळवून लढायची कल्पना २००७ च्या ‘पझल क्वेस्ट’मध्ये होतीच, पण तिथे दोघांचा पट एकच असतो. इथे समोरासमोर दोन फौजा, ज्याचा त्याचा पट वेगळा. एका टर्नला तीन चाली. कुठल्याही रांगेतला सगळ्यात मागचा शिपाई उचलायचा आणि दुसऱ्या रांगेच्या शेपटाला लावायचा. एका रंगाचे तीन मागोमाग आले की हल्ला तयार होतो, तीन शेजारी शेजारी आले की भिंत. नको असलेला शिपाई काढून टाकता येतो, आणि त्या काढण्यामुळे काही जुळलं तर खर्च केलेली चाल परत मिळते. कुमक बोलावली तर तीही एक चाल खाते.

आणि खरी गंमत ही की हल्ला लगेच होत नाही. तो दोन-तीन टर्न ‘शिजतो’. शिजत असताना समोरच्याला दिसतो. तेवढ्या वेळात त्याला काय करायचं ते तो करू शकतो.

मला हेच हवंय, फक्त भुतं आपली हवीत. एल्फ आणि नाइट खूप झाले. मळ्याच्या बाजूला मुंजा, खवीस, चकवा. तळ्याच्या बाजूला गिऱ्हा, सुसर आणि खाडीतला रोहित पक्षी. रोहित काही भूत नव्हे, पण ठाण्याच्या खाडीत त्यांची फौज बघितलेला माणूस माझ्याशी वाद घालणार नाही. नकाशावर ठाण्याची तळी. तळ्यांना तोटा नाही.

यंत्र निन्टेन्डोचंच, हातात धरायचं गेम बॉय ॲडव्हान्स, २००१ चं. १६.७८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २४० बाय १६० ठिपक्यांचा पडदा. मोबाइलवर का नाही, असं ऑफिसात एकानं विचारलं. मोबाइलवर केलं तर लॉगिन, जाहिराती, अपडेट याच्यातच जन्म जाईल. इथे सी भाषा, एक लायब्ररी (तयार कोडचा संच) आणि मी. भाचीकडे दोन हजाराच्या आतबाहेरचं चिनी हँडहेल्ड आहे, त्यावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालतो. तेवढं पुरे.

१४ जून

पहिली अडचण पडद्याची. डीएसला दोन पडदे, प्रत्येकी २५६ बाय १९२. शत्रू वरच्या पडद्यावर, आपण खालच्या. माझ्याकडे एकच, आणि तोही बुटका.

हिशोब केला. शिपायाचं चित्र १६ बाय १६ च्या खाली नेलं की मुंजाची शेंडी दिसत नाही, आणि शेंडी नसलेला मुंजा म्हणजे नुसतं पोरगं. रांगेत सहा शिपाई, म्हणजे ९६ ठिपके. दोन फौजा, १९२. पडदा १६०. बत्तीस ठिपके कमी पडतात. चित्र १२ चं करून बघितलं, पण ह्या यंत्रात सगळं ८ बाय ८ च्या फरश्यांत बसवावं लागतं, १२ ला दीड फरशी लागते. शिवाय शेंडी गेलीच.

तोडगा: पडद्यावर फक्त आपली फौज. एल बटण दाबून धरलं की दृश्य सरकून शत्रूची फौज दिसते, सोडलं की परत. ते सरकणं इतकं गुळगुळीत जमलंय की मीच वीस-पंचवीस वेळा दाबून बघत बसलो. झकास.

२२ जून

यंत्राला एका वेळी १२८ हलती चित्रंच दाखवता येतात. दोन फौजांचे मिळून ९६ शिपाई, वर हाताचा पंजा, आकडे, ठिणग्या. बसतंय म्हणेपर्यंत बोंब. उभे असलेले सगळे शिपाई पार्श्वभूमीच्या फरश्यांवर काढले आणि जो हलतोय तेवढाच हलतं चित्र केला. रविवार गेला, पण आता श्वास घ्यायला जागा आहे.

६ जुलै

आषाढी. आईचा उपास आणि माझं साबुदाण्याच्या खिचडीवर कोडिंग.

आजचा विषय मराठी अक्षरं. ह्या यंत्राला फॉन्ट म्हणजे काय ते ठाऊक नाही. इंग्रजीचं सोपं असतं: सव्वीस अक्षरं, प्रत्येकाची एक फरशी, एकापुढे एक ठेवत जायचं. मीही आधी तसंच करून बघितलं. प्रत्येक अक्षराची एक फरशी, मात्रांच्या वेगळ्या. ‘मुंजा’ कसाबसा आला. ‘भिंत’ लिहायला घेतली तर वेलांटी भ च्या मागे जाऊन बसली, त हातात छत्री घेतल्यासारखा. ‘हल्ला’मध्ये पाय मोडलेला ल. ‘गिऱ्हा’चं तर नावच काढू नका, तो र्‍ह कुठल्याच फरशीत मावत नाही. ज्यानं ही लिपी बसवली त्याला आठ बाय आठच्या फरश्या ठाऊक नव्हत्या, हे बरंच झालं म्हणा.

मग मार्ग बदलला. यंत्राला अक्षरं जुळवायला लावायचीच नाहीत. गेममधली सगळी वाक्यं कॉम्प्युटरवर आधीच चित्रं करून ठेवायची आणि गेमनं फक्त चित्र दाखवायचं. पायथॉन भाषेतल्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीनं हे होतं, पण पिलोला अक्षरं जुळवणाऱ्या रॅक्म नावाच्या लायब्ररीची जोड नसेल तर तीही वेलांटी मागेच टाकते. हे कळायला दुपार गेली. जोड मिळाल्यावर पहिल्या फटक्यात ‘गिऱ्हा’ नीट आला आणि मी खुर्चीतून उठून आईला दाखवायला गेलो. आई म्हणाली, “बरं आहे. पण एकादशीला हेच नाव लिहायचं होतं का?”

अजून एक कटकट राहिली. सोळा ठिपके उंचीत वर मात्रा, खाली उकार. दोन्हीला जागा दिली की मधल्या अक्षराला जेमतेम आठ ठिपके उरतात. चांगल्यातला चांगला फॉन्टसुद्धा एवढा लहान केला की काळ्या-पांढऱ्यात त्याचे बारीक कोपरे गळून पडतात. ‘ध’ आणि ‘घ’ जुळे भाऊ होतात. म्हणून जाड वळणाचा फॉन्ट घेतला, त्याची चित्रं काढली आणि नंतर एकेक वाक्य हातानं दुरुस्त करायला बसलो. घ ची शिरोरेषा अखंड, ध ची तुटलेली. त्या फटीला एक अख्खा ठिपका दिला. एका ठिपक्यावर ‘घर’ आणि ‘धर’ वेगळे झाले. एकूण १४० वाक्यं आहेत. आज ३१ झाली.

१९ जुलै

पहिली चाचणी. खेळाडू दोन: आई आणि भाची. ताई भाचीला घेऊन रबाळ्याहून आली होती. भाची नऊ वर्षांची, आई एकोणसत्तरची. आई पत्त्यांत कसलेली, झब्बू आणि मेंढीकोटात तिच्यासमोर टिकणारा माणूस मी अजून बघितला नाही.

भाचीला नियम सांगावे लागले नाहीत. आईला दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा तिनंच मला सांगितले. हल्ले दोघींना जमले. शिपाई काढून चाल परत मिळवायची युक्ती आईनं चौथ्या टर्नला शोधली आणि वर, “हे बरं आहे, पत्ता टाकून पत्ता उचलायचा,” असं म्हणाली. मी खूश.

पण भिंत कुणीच बांधली नाही. एकदाही नाही. सात लढाया झाल्या, भिंती शून्य. चुकून तीन शेजारी आले तेव्हा भाची ओरडली, “मामा, माझे शिपाई दगड झाले!” आणि तिनं ते काढून टाकले.

सातपैकी पाच लढाया दोघी हरल्या. हरल्यावर दोघींचं म्हणणं एकच: “अचानक मारलं.”

२६ जुलै

भिंत कमकुवत आहे म्हणून कुणी बांधत नसणार. तीन मुंज्यांचा हल्ला १२ चा असतो. भिंतीचा एक दगड ४ सोसतो. म्हणजे भिंत असली तरी ८ आत येतात. शिवाय भिंत तीन रांगांत पसरते आणि हल्ला येतो एकाच रांगेतून, उरलेले दोन दगड शोभेचे. दगड ४ वरून ६ केला.

२ ऑगस्ट

दगड ८. आईनं फोनवरून कळवलं (मी ऑफिसात, ती घरी खेळत होती) की अजून अचानकच मारतात.

आज जुन्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीचा सौदा झाला. खऱ्या यंत्रावर चालतं की नाही हे कधीतरी बघायचंच होतं. विकणारा नौपाड्यात भेटला, राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर, पावसात, छत्रीखाली व्यवहार. पडदा छान, बिजागरी घट्ट, चार्जर वेगळा घ्यावा लागला. फ्लॅश कार्ट (आपला गेम चढवता येतो ती कॅसेट) माझ्याकडे आधीपासून होतं. घरी येऊन गेम चढवला. चालला! एम्युलेटरमध्ये हिरवा दिसत होता तो गिऱ्हा इथे शेवाळासारखा दिसतो, म्हणजे जसा हवा तसा.

११ ऑगस्ट

दगड १०. भिंत बांधली की चाल परत, असंही करून बघितलं. भाची आता भिंती बांधते, पण चाल परत मिळते म्हणून. लगेच काढून टाकते. म्हणजे माझ्या भिंतीची तिनं मोड केली.

शत्रूची अक्कल लिहायला घेतली. कॉम्प्युटरपुढे प्रत्येक चालीला साधारण १०५ पर्याय असतात: आठ रांगांतून सात रांगांत हलवणं हे ५६, ४८ पैकी कुठलाही काढून टाकणं, आणि एक कुमक. तीन चालींचे सगळे पर्याय तपासायचे म्हटले तर साडेअकरा लाखांच्या घरात मांडण्या होतात. १६ मेगाहर्ट्झचं यंत्र त्यात म्हातारं होईल. म्हणून पहिल्या चालीतले चांगले सहा ठेवायचे, त्या प्रत्येकाच्या दुसऱ्या चालीतले चांगले सहा, बाकी सोडून द्यायचे. साडेचार हजार मांडण्या. एवढ्या झेपतात, आणि गिऱ्हा विचार करताना बुडबुडे सोडतो म्हणून वेळ जाणवत नाही.

१९ ऑगस्ट

लोकल ठप्प. काल रात्रीपासून कोसळतोय. घरून काम, म्हणजे तासभर काम आणि पुढे हे.

नकाशा आवरला. आधी माझ्या डोक्यात फार मोठं होतं: घोडबंदरचा किल्ला, येऊर, खाडी, श्रीस्थानकाच्या (म्हणजे जुन्या ठाण्याच्या) शिलाहारांपासूनची गोष्ट, कर गोळा करणं, फौज उभी करणं. तीन शनिवार त्यात घातले होते. सगळं काढलं. आता आठ तळी आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन, रायलादेवी आणि आणखी तीन. प्रत्येक तळ्यावर एक लढाई. जिंकलं तर तळं तुमचं आणि पुढच्या लढाईत त्याचा एक शिपाई जास्त. स्ट्रॅटेजी म्हणवून घ्यायला एवढी पुरेशी आहे: कुठलं तळं आधी घ्यायचं, हे तुम्ही ठरवता. उपवनचा खवीस लवकर मिळवला तर रायलादेवी सोपं जातं. बाकीच्या वाटा खेळणाऱ्यानं शोधाव्यात.

२५ ऑगस्ट

हे नीट लिहून ठेवतो.

गेले दहा-बारा दिवस एसपी घेऊन गाडीत खेळतोय. ठाण्याचा दहा नंबर फलाट, सकाळची वाशीची गाडी, जागा मिळाली तर घणसोलीपर्यंत दोन लढाया होतात. दिघा गावच्या पुढे हमखास एक हरतो. परवा हरलो तेव्हा तोंडातून निघालं, “अचानक कसं मारलं ह्यानं?” शेजारचे काका बघायला लागले.

आईचं वाक्य. भाचीचंही. आता माझं.

मग लक्षात आलं की ह्या एसपीचं एल बटण चालत नाही. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही छत्रीखाली तपासलं नव्हतं. पहिल्या दिवशी दोन-तीनदा दाबलं, काही झालं नाही, कोडमध्ये गडबड असेल म्हणून वहीत ‘एल बघणे’ लिहिलं आणि विसरलो. तेव्हापासून शत्रूची फौज न बघताच खेळतोय. आणि एवढ्या दिवसांत मी, ज्यानं भिंत लिहिली त्यानं, एकही भिंत बांधली नाही. कशाला बांधेन? समोर कुठल्या रांगेत काय शिजतंय ते दिसतच नाही. अंधारात बांधलेली भिंत म्हणजे तीन शिपाई फुकट.

संध्याकाळी घरी येऊन आईला विचारलं, “तू एल बटण किती वेळा दाबतेस?”

“एल कुठलं?”

दाखवलं.

“ते मागचं होय? ते मला वाटलं धरायला आहे.”

भाचीला फोन केला. तिला बटण ठाऊक होतं. “मामा, ते दाबलं की माझे शिपाई जातात. मला नाही आवडत.”

म्हणजे महिनाभर मी दगडाचे आकडे वाढवत बसलो होतो आणि दुखणं १४ जूनला होतं. डीएसवर वरचा पडदा सतत डोळ्यांपुढे असतो. बघायचं ठरवावं लागत नाही. मी तो पडदा एका बटणामागे दडवला आणि वर त्या सरकण्यावर खूश होऊन बसलो.

३० ऑगस्ट

आमचा दीड दिवसाचा गणपती परवा गेला. घर रिकामं झालंय आणि मोदक उरलेत.

दोन्ही फौजा एका पडद्यावर बसवायच्याच. पुन्हा १६०, पुन्हा बत्तीस कमी. सकाळभर कागदावर चौकोन काढत होतो. आई पत्ते पिसत समोर बसली होती. तिनं पानं मांडली, चार इकडे, चार तिकडे, तिच्या डावी-उजवीकडे. कारण मध्ये मोदकांचं ताट होतं.

मी कागद फिरवला.

पडदा बुटका आहे, पण रुंद आहे. फौजा वर-खाली कशाला? डावीकडे आपण, उजवीकडे ते. सहा खोल रांग ९६ ठिपके, दोन फौजा १९२, रुंदी २४०. वर ४८ उरतात: मध्ये दोन फरश्यांची रणभूमी, दोन्ही कडांना दोन-दोन फरश्या जीव दाखवायला. आठ रांगा एकाखाली एक, १२८. खाली ३२ उरतात, म्हणजे सोळा-सोळाच्या बरोब्बर दोन मराठी ओळी. एक ठिपका वाया नाही. असं जमल्यावर माणसाला कुणीतरी आधीच आखून ठेवल्यासारखं वाटतं.

त्याची किंमतही आहे. १४० वाक्यांपैकी जिथे जिथे ‘उभे तीन’ आणि ‘आडवे तीन’ लिहिलंय ते सगळं उलटं झालं. हातानं दुरुस्त केलेली चित्रं पुन्हा करायची. आता दिशेचे शब्द वापरायचेच नाहीत असं ठरवलं. हल्ल्याला ‘मागोमाग’, भिंतीला ‘खांद्याला खांदा’. पडदा उद्या पुन्हा फिरवला तरी हे शब्द फिरणार नाहीत. आणि ‘आडवे’पेक्षा ‘खांद्याला खांदा’मध्ये भिंत आपोआप दिसते.

१३ सप्टेंबर

नवा पट चालू लागला. एल बटणाचा कोड काढून टाकला. ते गुळगुळीत सरकणंही गेलं. थोडं वाईट वाटलं.

पितृपक्ष चालू आहे आणि मी भुतांची चित्रं काढतोय, ह्यावरून घरात दोनदा बोलणं झालं. त्याच बोलण्यातून एक मोठी चूक टळली. मी तळ्याच्या फौजेची सरदारीण म्हणून ‘आसरा’ काढली होती. आई ताडकन म्हणाली, “आसरा भूत नाहीत. साती आसरा देवी आहेत, पाण्याच्या. त्यांची ओटी भरतात. तू त्यांना मुंज्याकडून मार खायला लावणार?” म्हसोबालाही मळ्याच्या बाजूनं उतरवायचं माझ्या मनात होतं. तो तर जागेवाला, त्याला शेंदूर. दोघांनाही फौजेतून काढलं. आसरा आता नकाशावर तळ्याकाठी सात दगडांच्या रूपात आहेत. त्यांच्यापाशी थांबलं की हरलेली लढाई पुन्हा खेळता येते. आईनं ह्याला हरकत घेतली नाही, परवानगी मात्र दिली असंही म्हणता येणार नाही.

दुसरी भानगड आकड्यांची. हल्ल्यावर किती टर्न उरल्या ते मी मराठी आकड्यात दाखवत होतो. आठ ठिपक्यांत २ आणि ३ मध्ये एका शेपटीचा फरक, १ आणि ९ तर एकमेकांकडे तोंड करून बसलेले. आईनं चष्मा पुसला, पडदा पुसला आणि “दोन आहेत” म्हणत तिनाचा हिशोब केला. आकडे काढले. त्याजागी टिकल्या: तीन टर्न, तीन लाल टिकल्या. दर टर्नला एक गळते. शेवटची टिकली उघडझाप करते. दोन्ही फौजांच्या टिकल्या एकाच वेळी डोळ्यांपुढे.

४ ऑक्टोबर

दुसरी चाचणी, खेळाडू तेच. पहिल्याच लढाईत, तिसऱ्या टर्नला, भाचीनं पाचव्या रांगेतल्या टिकल्या बघितल्या आणि म्हणाली, “हा इथून येणार ना?” आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या रांगेत तीन खवीस खांद्याला खांदा लावून उभे केले. मी काहीच बोललो नाही, चहा ओतत राहिलो, तो बशीत सांडला.

आनंद दहा मिनिटं टिकला, कारण ती लढाई संपेचना. तिनं भिंत बांधली, कॉम्प्युटरनंही बांधली. मी ऑगस्टमध्ये दगड १० वर नेऊन ठेवला होता, तो तसाच राहिलेला. १२ चा हल्ला दहाच्या दगडावर आपटून दोनच आत जातात. चाळीस मिनिटं दोघं एकमेकांसमोर कोट बांधत बसले. भाची शेवटी म्हणाली, “मामा, हा गेम आहे की बिल्डिंगचं काम?”

दगड परत ४. पहिल्या दिवशी लिहिलेला आकडाच बरोबर होता. भिंत बांधल्यावर चाल परत मिळायची सवलतही काढली. त्यानंतरची लढाई सात मिनिटांत संपली आणि दोन्हीकडून मिळून पाच भिंती झाल्या.

१९ ऑक्टोबर

चकल्या तळून झाल्यावर आई मासुंद्याच्या लढाईला बसली. हे शेवटचं तळं, गिऱ्ह्याचं. त्याला मी दोन टर्नमध्ये शिजणारा हल्ला दिलाय, भाची अजून त्याच्याकडून हरतेय. एल बटण बिघडलेला एसपी आता आईकडेच असतो, आता त्या बटणाला काही कामच नाही.

आईचे ७ जीव उरले होते, गिऱ्ह्याचे १०. त्याच्या दुसऱ्या रांगेत १२ चा हल्ला, टिकली एकच. आईच्या सातव्या रांगेत मुंजे तयार, त्यांचीही एकच. पण पहिली पाळी त्याची. ती बराच वेळ काही करेना. मला वाटलं ती सातव्या रांगेत अजून काही जोडणार, मी असतो तर तेच केलं असतं. तिनं पहिल्या रांगेतला एक खवीस काढून टाकला. त्याच्या मागचा चकवा पुढे सरकला आणि पहिली, दुसरी, तिसरी रांग मिळून तीन चकवे शेजारी आले. भिंत. काढल्यामुळे जुळलं, म्हणून चाल परत. त्या चालीत तिनं दुसऱ्या रांगेच्या शेपटाला एक खवीस लावला, मार खायला.

टिकली गळली. बारातले चार भिंतीनं खाल्ले, दोन खविसानं. सहा आत आले. आईचा एक जीव उरला.

“आता ये म्हणावं,” ती म्हणाली आणि बटण दाबून चकली उचलली. सातव्या रांगेतले मुंजे शेंड्या उडवत गेले. मध्ये काहीच नव्हतं. त्यानं भिंत बांधलीच नव्हती.

पडद्यावर ‘मासुंदा तुमचा’ आलं. स ला लागलेला उकार मी जुलैत हातानं काढला होता, ती ओळ ही.

रात्री उशिरा कळलं की तिचं जिंकणं जतन झालेलं नाही. एम्युलेटरवर होतं, कार्टवर होत नाही. साठवायच्या चिपची वाट एका वेळी एकच बाइट जाईल एवढीच रुंद असते आणि मी चार-चार बाइट एकदम ढकलत होतो. त्यामुळे आठ तळ्यांच्या जागी कचरा साठला. एकेक बाइट करून लिहायला हवं, दहा ओळींचं काम आहे. उद्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या आधी करून टाकतो. आईला अजून सांगितलेलं नाही.